हद्द वाढली, घर कशाच्या भरवशावर घ्यायचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या अंकात वलवाडी, नकाणे, महिंदळे या शिवारांतील रो-हाउस आणि प्लॉटच्या जाहिराती ज्या संख्येने येतात, त्या पाहता धुळ्याच्या देवपुरात अकरा वर्षे भाड्याने राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने अजून स्वतःचे घर का घेतले नाही, असे कोणालाही वाटावे. मला तर ते नातेवाईक रोज विचारतात. मी शहरातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो. दुसऱ्यांची खरेदीखते, उतारे, फेरफार आणि सर्च रिपोर्ट तपासण्यात माझी एकोणीस वर्षे गेली, तरीही स्वतःच्या घराचा निर्णय मला गेल्या सव्वा वर्षात घेता आलेला नाही. तो का घेता येत नाही याची कारणे शोधताना जे दिसले, ते माझ्या एकट्यापुरते नाही आणि त्यावर महापालिकेला फारसा खर्च न करता एक उपाय करता येण्यासारखा आहे, म्हणून आपल्या स्तंभात थोडी जागा मागतो आहे.

धुळे महापालिकेची हद्दवाढ २०१८ साली झाली आणि भोवतालची अकरा गावे शहरात आली. वलवाडी, महिंदळे, नकाणे, चितोड, अवधान, बाळापूर ही त्यांतली काही. देवपुरातून वाडीभोकर रस्त्याने किंवा नकाणे रस्त्याने पुढे निघाले की जुने शहर कुठे संपले आणि शिवार कुठे सुरू झाले, हे आता दगडावरून नव्हे, तर पायाखालच्या रस्त्यावरून कळते. एका बाजूला चार मजली इमारत, तिच्या कुंपणाला लागून कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असलेले शेत, आणि त्या शेतात चुन्याच्या फकीने आखलेले प्लॉट, असे दृश्य तिथे नित्याचे आहे. ज्या अधिसूचनेने गाव शहरात आले ती एका दिवसात निघाली. पण शिवाराचे शहर व्हायला जी नळाची लाइन, गटार, रस्ता आणि दिवा लागतो, तो कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीत कधी पोहोचेल, हे घर घेणाऱ्याला कोणीही एका जागी सांगत नाही. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

मी जे घर गंभीरपणे पाहिले, ते सहा रो-हाउसच्या रांगेतले शेवटचे. किंमत बत्तीस लाख सांगितली गेली. पहिल्यांदा गेलो तो मे महिना होता. दलालाने आत शिरल्याबरोबर स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला आणि पाणी जोरात आले. मी गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण उघडले, तर टाकी काठोकाठ भरलेली होती. मात्र खाली येऊन अंगणातल्या हौदाचे लोखंडी झाकण उचलले, तेव्हा तळाशी वीतभर गढूळ पाणी आणि कडेला टँकरच्या पाइपाने सोडलेला ओला ओघळ दिसला. फाटकाशेजारी भिंतीतून अर्ध्या इंचाचा पाइप बाहेर आलेला होता आणि त्याच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी सुतळीने घट्ट बांधलेली होती. हा नळाचा पाइप, लाइन आली की जोडायचा, असे दलाल म्हणाला. लाइन कुठवर आली आहे, असे विचारल्यावर त्याने मुख्य रस्त्याकडे हात केला. परतताना मी पावले मोजली. ती साडेतीनशे भरली.

पाचव्या घरात एक कुटुंब दीड वर्षापासून राहते आहे. त्या ताईंनी दलाल दूर गेल्यावर सांगितले, की सहा घरांत मिळून असलेली बोअर मार्चमध्येच आटते, मग टँकर मागवून त्याचे पैसे वाटून घ्यावे लागतात, आणि बोअरला पाणी असते तेव्हाही ते इतके जड असते की डाळ शिजत नाही. त्यांच्या न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाला पांढऱ्या क्षाराची जाड पापडी धरलेली होती. नवे घर आणि नळ मात्र वीस वर्षांपूर्वीचा वाटावा असा.

धुळे शहराला पाण्याचे स्रोतच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. सुलवाडे बंधाऱ्यातून बाभळे येथून उपसले जाणारे तापीचे पाणी आहे, नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, साक्री तालुक्यातले पांझरेवरचे अक्कलपाडा धरण आहे. तरी नळाला पाणी कितव्या दिवशी येणार, हे बोटांवर मोजण्याची सवय इथल्या प्रत्येक घराला आहे, आणि हौद केवढा बांधला यावरून घराची किंमत ठरवण्याची रीतही आहे. हद्दवाढीच्या भागात घर घेणाऱ्यापुढचा प्रश्न याच्याही पुढचा असतो: धरणात किती साठा आहे यापेक्षा जलकुंभापासून आपल्या फाटकापर्यंतची शेवटची वाहिनी कोणत्या वर्षी पडेल, हे त्याला कळायला हवे असते. माझ्या आईने हे घर पाहिले नाही, मी वर्णन केले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पानी कथाईन येस ते पहिले देख, मंग घर देखजो.” (पाणी कुठून येते ते आधी बघ, मग घर बघ.) एकोणीस वर्षे कर्जाच्या फायली तपासणाऱ्या मुलाला हे आईने सांगावे लागले, याची मला थोडी लाज वाटली.

दुसऱ्यांदा गेलो तो ऑगस्ट होता. मोटारसायकल मुख्य रस्त्यावरच उभी करून चालत जावे लागले, कारण मधल्या साडेतीनशे पावलांत कापसाची काळी जमीन होती तशीच होती आणि चिखल चाकाच्या मडगार्डमध्ये भरून चाक फिरेनासे होत होते. मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला कोपऱ्यावरच थांबतो, आत येत नाही. माझी मुलगी नववीत आहे. ती चालत येईल. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, आणि रात्री-अपरात्री तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रुग्णवाहिकाही त्या रिक्षावाल्यासारखीच कोपऱ्यावर थांबेल, हा विचार मला तिथून परत येईपर्यंत सोडत नव्हता. मे महिन्यात घर पाहून बयाणा देणाऱ्याला हे दिसतच नाही.

तिसऱ्या खेपेला, दिवाळीनंतर, मी ओळखीच्या एका जुन्या गवंड्याला सोबत नेले. मला फरश्या, रंग आणि स्वयंपाकाचा ओटा दिसत होता. तो घराच्या मागच्या बाजूला जाऊन जोत्याजवळ उकिडवा बसला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत एक तिरकी भेग गेली होती. माझ्या खिशात एस.टी.चे तिकीट होते, ते त्याने मागून घेतले आणि त्या भेगेत सरकवले. ते अर्धे आत गेले. “अण्णा, रंग नवा शे, पाया कच्चा शे,” असे म्हणून त्याने तिकीट मला परत दिले.

खानदेशातल्या काळ्या जमिनीवर घर बांधणे हा वेगळा विषय आहे आणि घर घेणारे त्याकडे फार कमी लक्ष देतात. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसत्या उथळ पायावर भिंत उभी केली, तर दर वर्षी ती जमीन भिंतीला थोडी वर उचलते आणि थोडी खाली सोडते. त्यावर उपाय आहेत आणि ते इथल्या जाणत्या गवंड्यांना ठाऊकही आहेत: मुरूम लागेपर्यंत काळी माती काढून टाकायची, किंवा तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब खोलवर घालून त्यांवर जोत्याची तुळई टाकायची, आणि घराभोवती फरसबंदी करून पावसाचे पाणी पायाशी मुरू द्यायचे नाही. परंतु हा सगळा खर्च जमिनीखाली गाडला जातो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे विकण्यासाठी बांधणारा माणूस तो फरशीवर करतो. घर विकत घेताना खोदाईच्या वेळचा फोटो मागावा, असे मला त्या गवंड्याने सांगितले. मी मागितला. तो मिळाला नाही.

इथे कोणी म्हणेल की यासाठी महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण आहे. केंद्राचा कायदा २०१६ चा आहे आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ मे २०१७ पासून पूर्णपणे सुरू झाली. नोंदणी असलेल्या प्रकल्पात विकसकाला गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. हे सर्व उत्तम आहे. मात्र ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यातली घरे आठांपेक्षा जास्त नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. मला दाखवलेली घरे सहा होती. त्यांच्या शेजारच्या गटात, दुसऱ्या मालकाच्या नावावर, पण त्याच रंगाची आणि त्याच फाटकांची आणखी सहा उभी आहेत. यातून वाचकांनी काय तो बोध घ्यावा. आमच्या शहरालगत बांधल्या जाणाऱ्या रो-हाउसच्या रांगा सहा किंवा आठांवर का थांबतात, हे कोडे मला त्या दिवशी सुटले.

प्लॉट घेऊन स्वतः बांधावे, असाही एक सल्ला मिळतो आणि वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. मी असा एक प्लॉट पाहिला. तो एका गुंठ्याचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा होता, आणि भाव रो-हाउसच्या मानाने निम्म्याहून कमी. सातबारा मागितला तेव्हा त्यावर सतरा जणांची नावे सामाईकात निघाली. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकण्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी होती, म्हणून शेत तुकड्यांत न विकता हिश्शांत विकले जाई आणि ज्याला गुंठा हवा असे तो कागदावर शेतकऱ्याचा भागीदार होऊन बसे. असे व्यवहार नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला. त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे धरली होती, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. या एका दुरुस्तीने लोकांच्या मनात जे घर केले आहे ते असे, की मुदत आज ना उद्या पुन्हा वाढेलच. मला प्लॉट दाखवणाऱ्यानेही अगदी हेच सांगितले. ती वाढेलही, कोणी सांगावे. पण सरकार पुढे कधीतरी माफी देईल या हिशेबाने आज घर घेणे मला जमण्यासारखे नाही.

माझ्या टेबलावरचा अनुभव या बाबतीत सांगण्यासारखा आहे. ज्या प्लॉटला रेखांकनाची (लेआउटची) मंजुरी नसते त्याची फाइल मोठी बँक परत करते, आणि मग ती आमच्यासारख्या संस्थांकडे येते. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी मिळाले, तर महिन्याचा हप्ता १७,३५६ रुपये बसतो. तेच वीस लाख बारा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २४,००३ रुपये होतो. स्वस्त प्लॉट घेतल्याचे समाधान इथे महिन्याला साडेसहा हजारांहून जास्त रुपयांनी संपते.

हप्त्यांचा विषय निघालाच आहे, तर भाड्याचे पैसे पाण्यात जातात या म्हणण्याविषयीही लिहितो, कारण घर घेण्याच्या प्रत्येक चर्चेत ते कोणीतरी बोलतेच. मी महिना साडेसात हजार भाडे देतो. वीस लाखांच्या कर्जाच्या वरील पहिल्या हप्त्यात १४,१६७ रुपये व्याज असते आणि मुद्दल फिटते ते फक्त ३,१८९ रुपये. भाडे पाण्यात जाते असे धरले, तर सुरुवातीची वर्षे व्याज त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने त्याच पाण्यात जाते. याचा अर्थ भाड्याने राहणे चांगले, असा मी काढत नाही. घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी खोल्या मागितल्या तर दोन महिन्यांत कुठे जायचे, ही भीती हप्त्यापेक्षा लहान नाही. परंतु केवळ भाडे वाचते म्हणून घाई करण्यात अर्थ नाही, एवढे या आकड्यांवरून दिसते. बत्तीस लाखांच्या घरावर पाच टक्के मुद्रांक शुल्क आणि एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार मिळून एक लाख ब्याण्णव हजार, आणि नोंदणी शुल्काचे तीस हजार वेगळे. खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावाने केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे बत्तीस हजार वाचतात. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ती ठाऊक नसते.

विक्रेत्याने खरेदीखत चोवीस लाखांचे करावे आणि आठ लाख रोख द्यावेत, असेही सुचवले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, हे तर खरेच. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की उद्या त्या भेगेवरून भांडण झाले तर ते आठ लाख कोणत्याच कागदावर नसतील. मी नाही म्हटले. त्यावर तो हसला आणि “सर, तुम्ही पतसंस्थेत असून असे बोलता?” असे म्हणाला. हे वाक्य आमच्या क्षेत्राविषयी लोकांचे काय मत झाले आहे, ते सांगून जाते.

आता भावाविषयी. माझे घरमालक सेवानिवृत्त शिक्षक आहेत आणि ते देवपुरात आले तेव्हा या भागात बाभळी होत्या, रस्ता नव्हता आणि पिण्याचे पाणी ते सायकलला दोन कॅन लावून आणत. त्यांचे म्हणणे असे, की आम्हीही गैरसोय सोसली, तुम्हीही सोसा, वीस वर्षांनी तुमचा वलवाडीही देवपूर होईल. हे म्हणणे मी बरेच दिवस मनात घोळवले आणि त्यात काय चुकते आहे, ते मला हिशेब मांडल्यावर कळले. त्यांनी तो प्लॉट स्वतःच्या दोन वर्षांच्या पगाराएवढ्या पैशांत घेतला होता. मला दाखवलेले घर माझ्या सात वर्षांच्या पगाराएवढे आहे. म्हणजे त्या काळी गैरसोयीची सूट भावात मिळत असे. आज सोय पोहोचण्याआधीच तिचा भाव लावला जातो, आणि ती पोहोचेपर्यंतची गैरसोय वर फुकट मिळते.

हा भाव कसा चढतो, तेही मी ऐकले आहे. दलालांच्या बोलण्यात दोन गोष्टी नक्की येतात. एक दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिका, जिच्या आराखड्यात धुळे-नरडाणा पट्ट्याचे नाव कित्येक वर्षांपासून आहे. आणि दुसरी मनमाड-इंदूर रेल्वे. या मार्गाच्या धुळे-नरडाणा टप्प्याचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटी रुपयांच्या पूर्ण मार्गाला मंजुरी दिली. १९०० च्या सुमारास चाळीसगावहून आलेल्या फाट्यावरच ज्या शहराची गाडी अडून राहिली, त्या शहरासाठी ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिचा उपयोग माझ्या मुलीच्या पिढीला होईल, याबद्दल मला शंका नाही. पण रेल्वे आली म्हणून वलवाडीच्या त्या फाटकाशी बांधलेली दुधाची पिशवी सुटणार नाही. रेल्वे आणि नळ यांची खाती वेगळी, वेळापत्रके वेगळी. जाहिरातीत मात्र ती एकाच ओळीत छापली जातात.

हे सर्व पाहिल्यावर मी कागदांकडे वळलो, कारण तो माझा रोजचा व्यवहार आहे. मला जाणून घ्यायचे होते ते फार नव्हते. त्या गटाच्या रेखांकनाला मंजुरी कोणत्या तारखेची आहे, जमीन बिनशेती झाली आहे का, आतले रस्ते आणि खुली जागा सार्वजनिक झाली आहे की अजून विकसकाच्याच नावावर आहे, विकास योजनेत त्यावर आरक्षण आहे का, आणि नळाची लाइन मंजूर कामांत आहे की नुसतीच तोंडी आहे. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. मला दाखवलेल्या नकाशात तशी जागा हिरव्या रंगाने भरलेली होती. प्रत्यक्ष जागेवर तिथे कडब्याची गंजी, दोन म्हशी आणि पत्र्याची एक खोली होती. ती खोली कोणाची, हे पाचव्या घरातल्या ताईंनाही ठाऊक नव्हते.

यासाठी मी ज्या एका कार्यालयात गेलो, त्याचे नाव इथे घेत नाही, कारण तिथल्या कोणत्याही एका माणसाने मला मुद्दाम अडवले असे मी म्हणू शकत नाही. मंजुरीची नोंद एका टेबलावर, नकाशा दुसऱ्या खोलीत, पाण्याची माहिती दुसऱ्या इमारतीत, आणि खुल्या जागेविषयी कोणाला विचारायचे यावर दोघांचे एकमत नव्हते. तीन अर्ध्या रजा गेल्या. शेवटी एका सज्जन लिपिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचा सल्ला दिला. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत, हे मला मान्य आहे. पण विक्रेता बयाण्यासाठी आठ दिवस देतो. ज्या शहरात घर विकण्याची मुदत आठ दिवसांची आणि त्या घराची माहिती मिळण्याची तीस दिवसांची, तिथे लोक माहितीविना घर घेणार, यात नवल नाही. आणि मी तर फेरफार वाचू शकणारा माणूस आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याहून मुलांच्या शिक्षणासाठी शेताचा एखादा तुकडा विकून इथे घर घेणाऱ्या शेतकऱ्याने काय करावे?

म्हणून माझी विनंती अशी आहे. महापालिकेने हद्दवाढीतल्या अकरा गावांपुरता, गटनिहाय एक साधा तक्ता करावा आणि तो प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर व संकेतस्थळावर लावावा. त्यात आठ रकाने पुरेत: रेखांकन मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, बिनशेतीची स्थिती, रस्ते व खुल्या जागेचे हस्तांतरण, आरक्षण, पांझरेची पूररेषा, जलवाहिनी, गटार आणि पथदिवे. शेवटच्या तीन रकान्यांत ‘आहे’, ‘मंजूर’ आणि ‘नाही’ यांपैकी एकच शब्द लिहावा. ‘प्रस्तावित’ हा शब्द मात्र लिहू नये, कारण त्या एका शब्दावर आपल्याकडे अनेक पिढ्यांनी घरे बांधली आहेत. पूररेषेचा रकाना मी सहज घातलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला आलेले पाणी ज्यांनी लहान पुलाजवळ उभे राहून पाहिले, त्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी प्रत्येक विभागाच्या जमिनीचा वार्षिक दर १ एप्रिलला लागू करता येतो, मग त्याच जमिनीवर नळ आहे की नाही, हे त्याच दिवशी वर्षातून एकदा लिहायला हरकत नसावी. ही माहिती कुठे ना कुठे आहेच. ती एका कागदावर आणण्याचेच काय ते काम.

असा तक्ता लागला तर काही गटांतले भाव उतरतील आणि ते ज्यांना आवडणार नाही असे लोक या शहरात आहेत, याची मला जाणीव आहे. ज्यांनी आधीच तिथे घरे घेतली त्यांचेही मन त्याने दुखावेल. पाचव्या घरातल्या ताईंना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, की ‘नाही’ असे एकदा लिहिले तर निदान ते ‘मंजूर’ कधी होते हे आम्हाला भिंतीवर जाऊन पाहता तरी येईल. आज आम्ही विचारायला जातो तेव्हा आमच्याकडे दाखवायला काहीच नसते. हे मला सुचले नव्हते.

माझ्यापुरते सांगायचे, तर देवपुरातच पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या एका इमारतीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी पाहून ठेवला आहे. त्याला ऊन येत नाही आणि गाडी लावायला जागा नाही, पण नळ आहे आणि आईला जिना चढावा लागणार नाही. पत्नीला आणि मुलीला ते रो-हाउसच आवडते, अंगण आहे म्हणून. आणि खरे सांगायचे तर मलाही. आई म्हणते, नव्या घरात आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका बांधू. विक्रेत्याने दर कमी केलेला नाही, मात्र आखाजीपर्यंत थांबण्याचे कबूल केले आहे. तोवर त्या एका गटापुरते आठ रकाने कोणी भरून दिले, तर मी निर्णय एका संध्याकाळी घेईन.

आपला,
एक वाचक,
देवपूर, धुळे